आधी बायोस, मग प्रोसेसर! उलटं केलंत तर बोर्ड ओळखच देत नाही

मागच्या रविवारी भाचा अॅक्टिव्हावर पायाशी कॅबिनेट ठेवून सिंहगड रोडवरनं कोथरूडला आला, घामाघूम, आणि दारातच म्हणाला, "मामा, बोर्ड गेला वाटतं." बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर प्रोसेसर, रॅम सगळं बसतं तो. झालं होतं असं की पठ्ठ्यानं एएमडी कंपनीचा नवीन प्रोसेसर, रायझन ५ ५६००, घेतला, घरी येऊन जुना २६०० काढला, नवा बसवला, बटण दाबलं, पंखे फिरले, लाइटी लागल्या आणि स्क्रीन काळी ती काळीच. दोन तास हेच. ज्याच्याकडून प्रोसेसर घेतला त्या दुकानदाराला फोन केला तर तो न बघताच म्हणाला, बोर्ड उडालाय, नवीन घ्यावा लागेल.

मी फक्त जुना २६०० परत बसवला. पाच मिनिटांत विंडोज चालू. बोर्डाला काही म्हणजे काही झालं नव्हतं, तो नव्या प्रोसेसरला ओळखत नव्हता एवढंच. हा प्रकार इतक्या जणांचा होतो आणि त्यात इतके चांगले बोर्ड भंगारात जातात की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

तर 'ओळखत नाही' म्हणजे नक्की काय? आपण बटण दाबतो तेव्हा कॉम्प्युटरमध्ये विंडोज वगैरे काही नसतं. रॅमसुद्धा त्या क्षणी कामाची नसते, कारण ती कुठल्या स्पीडला चालवायची, किती व्होल्टेज द्यायचं हे अजून ठरायचं असतं. हे सगळं ठरवणारा प्रोग्रॅम मदरबोर्डवरच्या एका छोट्याशा, बहुतेक वेळा आठ पायांच्या चिपमध्ये बसलेला असतो, त्यालाच आपण बायोस म्हणतो (खरं नाव आता यूईएफआय आहे, पण दुकानात जाऊन यूईएफआय म्हणालात तर समोरचा तुमच्या तोंडाकडे बघत बसेल). रायझनमध्ये गंमत अशी की सगळ्यात आधी जागे होतात ते तुमचे सहा किंवा आठ कोअर (मुख्य काम करणारे भाग) नव्हेत, प्रोसेसरच्या पोटात एक वेगळा छोटा सिक्युरिटी प्रोसेसर असतो, तो आधी उठतो, त्या चिपमध्ये आपल्या पिढीसाठीचा कोड शोधतो, रॅमची घडी बसवतो आणि मग मोठ्या कोअरना म्हणतो, या आता. आता त्या चिपमध्ये त्याच्या पिढीचा कोडच नसेल तर तो करणार काय? करंट मिळतोय म्हणून पंखे फिरतात, पण पुढं काहीच होत नाही. नवी सून घरात आलीये पण रेशन कार्डावर नाव चढलेलं नाही, तसं. घरात आहे, तिच्या नावचं धान्य मात्र सुटत नाही. बायोस अपडेट म्हणजे ते नाव चढवणं.

हा कोड एएमडी स्वतः लिहिते, त्याला अगेसा म्हणतात, आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपन्या त्यावर आपलं रंगरूप चढवून बायोस म्हणून वेबसाइटवर टाकतात. म्हणून डाउनलोडच्या पानावर 'अगेसा अमुक अमुक' असं लिहिलेलं दिसतं, तो आकडा महत्त्वाचा.

मग कुणी विचारेल की सगळ्या पिढ्यांचा कोड एकदाच भरून का देत नाहीत? इथं एएम४ सॉकेटची (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) कहाणी येते आणि मला ती फार आवडते. २०१७ साली पहिले रायझन आले तेव्हापासून २०२० च्या ५००० सिरीजपर्यंत एएमडीनं सॉकेट तोच ठेवला, १३३१ पिनांचा. ग्राहकाच्या दृष्टीनं सोन्यासारखी गोष्ट. पण बऱ्याच जुन्या बोर्डांवर बायोसची चिप होती फक्त १६ एमबीची, म्हणजे आज फॅमिली ग्रुपवर येणारा एखादा वाढदिवसाचा व्हिडिओ त्याहून मोठा असतो! त्या एवढ्याशा जागेत चार-पाच पिढ्या कोंबायच्या. मे २०२० मध्ये एएमडीनं सांगितलं की पुढचे झेन ३, म्हणजे ५००० सिरीजचे, प्रोसेसर बी४५० आणि एक्स४७० या आधीच्या बोर्डांवर चालणार नाहीत, लोकांनी इंटरनेटवर असा काही आरडाओरडा केला की त्याच महिन्यात कंपनीला शब्द फिरवावा लागला. पुढं २०२२ मध्ये तर ३०० सिरीजच्या, म्हणजे ए३२०, बी३५० वगैरे बोर्डांनाही अधिकृत सपोर्ट मिळाला. जागा करायला काही कंपन्यांनी बायोसची चकचकीत ग्राफिक्सवाली स्क्रीन काढून साधी केली, काहींनी एकदम जुन्या प्रोसेसरांचा कोड काढून टाकला. त्यामुळं नवीन बायोस टाकल्यावर एखादा फार जुना प्रोसेसर त्या बोर्डावर चालेनासा होऊ शकतो, आणि काही बोर्डांवर मागं यायचा रस्ताही बंद असतो. डाउनलोडच्या पानावर बारीक अक्षरात हे लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही.

आणि सॉकेट जुळला म्हणजे झालं असंही नाही हां. इंटेलच्या एलजीए ११५१ मध्ये सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी दिसायला त्याच सॉकेटात बसते, पण बोर्ड वेगळे लागतात, अधिकृतपणे एकाचं दुसऱ्यावर चालत नाही. एलजीए १७०० वर बारावी, तेरावी, चौदावी तिन्ही चालतात पण बारावीच्या काळातल्या बोर्डाला पुढच्या पिढ्यांसाठी बायोस अपडेट लागतं. म्हणून पैसे मोजायच्या आधी एकच काम करायचं, बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलच्या पानावर सीपीयू (म्हणजे प्रोसेसरच) सपोर्ट लिस्ट असते ती उघडायची. त्यात प्रोसेसरच्या नावापुढं कुठल्या व्हर्जनपासून चालतो ते लिहिलेलं असतं. आपलं मॉडेल आणि सध्याचं बायोस व्हर्जन विंडोजमध्येच कळतं, स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन टाईप करा, बेसबोर्ड प्रॉडक्ट आणि बायोस व्हर्जन अशा ओळी दिसतील. मॉडेल अक्षरन् अक्षर जुळवा. एकाच नावाचे प्रो, मॅक्स, वायफायवाले, दुसऱ्या रिव्हिजनचे असे चार भाऊ असतात आणि चौघांच्या फायली वेगळ्या. रिव्हिजन बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक छापलेली असते, मोबाइलचा टॉर्च लावून बघा.

खरेदीतला अजून एक खड्डा सांगतो कारण त्यात माझा एक मित्र पडलाय. त्याच्याकडे ३४००जी होता, ग्राफिक्स कार्ड नाही, मॉनिटरची वायर थेट बोर्डाला. हौसेनं ५६०० घेतला. आता ५६०० मध्ये ग्राफिक्स नाहीच्चे, ते ५६००जी मध्ये असतं. बायोस बरोबर, प्रोसेसर बरोबर, सगळं बरोबर, स्क्रीनवर दिसणार मात्र काही नाही! शेवटी सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागलं, म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

असो. भाच्याकडे परत येऊ. त्याच्या बोर्डावरचा बायोस होता २०१९ चा, आणि ५६०० बाजारात आला एप्रिल २०२२ मध्ये, मग ओळखणार कसा. जुना प्रोसेसर बसवलेलाच होता, त्याच्याच जोरावर बायोस अपडेट करायचा. हाच क्रम: जुना प्रोसेसर आत असताना अपडेट, नंतर बदल.

पेनड्राइव्ह लागतो, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला. साइटवरनं फाईल उतरवली की ती झिप असते, लोक तशीच झिप टाकतात आणि मग म्हणतात दिसत नाही, अरे उघडा की ती आधी. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणं) केलं असेल, रॅमचं एक्सएमपी (रॅम तिच्यावर लिहिलेल्या पूर्ण वेगानं चालवायची सेटिंग) चालू असेल तर बायोसमध्ये जाऊन एकदा सगळं डिफॉल्ट करून घ्या, कारण डळमळीत रॅमवरनं फाईल वाचून चिपवर लिहायची म्हणजे भरल्या पेल्यानं पळायची शर्यत. काही बोर्डांना मधलं एक व्हर्जन आधी टाकावं लागतं, थेट शेवटचं चालत नाही, तेही त्या पानावरच लिहिलेलं असतं.

आणि विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का ते आत्ता बघा, नंतर नाही. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉप-डेस्कटॉपवर तो आपल्याला न सांगता चालू झालेला असतो. असेल तर सस्पेंड करा आणि ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरनं काढून वहीत लिहून ठेवा, हो वहीतच, त्याच कॉम्प्युटरवर सेव्ह करून काय उपयोग.

मग रीस्टार्ट, डिलीट बटण दाबत राहायचं, बायोसमध्ये शिरायचं. तिथं अपडेटची जागा प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावानं असते, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश, असूसमध्ये ईझी फ्लॅश, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश, असरॉकमध्ये इन्स्टंट फ्लॅश. फाईल निवडा, हो म्हणा, आणि हात मांडीवर ठेवून बसा. विंडोजच्या आतून अपडेट करायची सॉफ्टवेअरही मिळतात, माझं स्पष्ट मत आहे की त्यांच्या नादी लागू नका, मागं अँटिव्हायरस, अपडेट, क्रोमचे वीस टॅब असा बाजार चालू असताना हे काम करायचं कशाला.

पाच-सात मिनिटं लागतात, आणि ह्या पाच-सात मिनिटांत लाइट जाता कामा नये. कारण अपडेट करणारा प्रोग्रॅम आधी चिप पुसतो आणि मग लिहितो, मधेच लाइट गेली तर अर्धी पाटी कोरी. पावसाळ्यात, ढग गडगडत असताना, नाहीतर गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे माहिती असताना गुरुवारीच हे करणारे महाभाग मी पाहिलेत. यूपीएस असेल तर उत्तम. घरच्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवत असाल तर तो यूपीएस मोडवर आहे का बघा, साध्या मोडवर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो क्षणभर लागतो तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडू शकतो.

समजा गेलीच लाइट. तरी बोर्ड लगेच कचऱ्यात टाकू नका. बऱ्याच बोर्डांच्या मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅक म्हणून एक छोटं बटण असतं, त्यासाठी बोर्डावर एक स्वतंत्र चिप असते जी प्रोसेसर नसताना, रॅम नसताना, नुसत्या पॉवर सप्लायच्या जोरावर पेनड्राइव्हवरनं बायोस भरते. फाईलला कंपनीनं सांगितलेलं नाव द्यायचं, ठरलेल्या यूएसबी पोर्टात पेनड्राइव्ह लावायचा, बटण दाबायचं, लाइट लुकलुकायची थांबेपर्यंत थांबायचं. ज्यांच्याकडे जुना प्रोसेसर नाहीच, तेही याच बटणानं मोकळे होतात. आणि बटणही नसेल तर रिपेअरवाले सीएच३४१ए नावाचा एक स्वस्तातला प्रोग्रॅमर (चिपवर लिहायचं छोटं यंत्र) वापरतात, चिपला चिमटा लावून बाहेरनं बायोस भरतात, लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या चांगल्या माणसाकडे तो असतोच. म्हणजे 'बोर्ड उडाला' हे वाक्य ऐकल्यावर 'चिमटा लावून पाहिलात का' हा प्रश्न विचारायचा, समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

भाच्याचं अपडेट सुरळीत झालं. जुन्या प्रोसेसरवरच एकदा विंडोजपर्यंत जाऊन आलो, व्हर्जन बदललंय याची खात्री केली, मग बंद.

आता स्क्रू ड्रायव्हरचं काम, आणि यात एकच जागा अवघड आहे, कूलर काढणं. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, सॉकेटला भोकं. जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडं नेणारा लेप) वाळून डिंकासारखी झालेली असते, आपण कूलर सरळ वर ओढतो, आणि लॅच बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटातनं उपटून बाहेर येतो. माझा आला होता, २०२१ मध्ये, टचकन आवाज झाला आणि माझ्या पोटात गोळा. कोपऱ्यातल्या तीन पिना वाकल्या. मेकॅनिकल पेन्सिलमधली शिसं काढून तिचं पोकळ टोक एकेका पिनेवर घालून, श्वास रोखून, सरळ केल्या. चालला नंतर, पण तो अर्धा तास मी कुणाला सांगत नाही. तर असं करायचं: बंद करायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं एखादा गेम किंवा जड काम चालवून पेस्ट गरम होऊ द्यायची, मग बंद करून वायर काढायची, पॉवर बटण एकदा दाबून उरलासुरला करंट जाऊ द्यायचा, स्क्रू आडवे-तिडवे थोडे थोडे सैल करायचे, आणि कूलर वर न ओढता हळूहळू डावीकडं-उजवीकडं फिरवायचा. बरणीचं घट्ट झाकण सोडवतो तसा. सुटला की हाताला कळतं.

इंटेलवाल्यांना आणि एएम५ (एएमडीचा एएम४ नंतरचा सॉकेट) वाल्यांना ही भीती नाही, तिथं पिना सॉकेटमध्ये असतात, पण त्या इतक्या नाजूक की त्यांच्यावर स्क्रू पडला की पेन्सिलीनंही काही होत नाही.

कूलर निघाला की बाजूची दांडी वर करायची, जुना प्रोसेसर कडांना धरून उचलायचा. नव्याच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटवरही तसाच, दोन्ही जुळवून नुसता ठेवायचा. दाबायचा नाही. बरोबर असेल तर आपल्या वजनानं पडतो आत, नसेल पडत तर उचलून पुन्हा बघा. दांडी खाली, वाटाण्याएवढी पेस्ट मध्यभागी, कूलरचा तळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलेला, आणि स्क्रू परत आडवे-तिडवे. वेगळ्या पद्धतीचा कूलर बसवत असाल आणि त्यासाठी बोर्डावरचे प्लास्टिकचे ब्रॅकेट काढत असाल तर बोर्डाच्या मागची पट्टी दुसऱ्या हातानं धरा, ती त्याच स्क्रूंवर लटकलेली असते, कॅबिनेटच्या मागं पडली की दुसरं झाकण उघडा. आणि पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलंय तिथंच लावायची, हसू नका, राहून जाते.

पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन लगेच येत नाही. रॅमची घडी नव्यानं बसवावी लागते, त्यात मिनिट-दोन मिनिटं काळी स्क्रीन, एखाद-दोनदा आपोआप बंद-चालू, हे चालतं, एएम५ वर तर याहूनही जास्त वेळ लागू शकतो. भाचा तेवढ्यात "गेला, गेला" करत बटणाकडं हात नेत होता, मी हात धरून ठेवला. दहा मिनिटांनीही काही नाही आलं तर मग वायर काढून बोर्डावरची गोल बटणाएवढी सीआर२०३२ बॅटरी पाचेक मिनिटं काढून ठेवायची, म्हणजे जुन्या सेटिंग विसरल्या जातात.

आला डिस्प्ले, आणि पहिलाच संदेश काळ्या स्क्रीनवर: नवीन सीपीयू बसवलाय, एफटीपीएम बदललंय, रीसेट करायला वाय दाबा, नाही तर एन. लोक इथं गर्भगळीत होतात. एफटीपीएम म्हणजे प्रोसेसरच्याच आतली किल्ल्यांची तिजोरी, प्रोसेसर बदलला म्हणजे तिजोरी बदलली, म्हणून विचारतोय. बिटलॉकर नसेल किंवा रिकव्हरी की वहीत असेल तर बिनधास्त वाय. की नसेल तर एन दाबून थांबा, कारण जुना प्रोसेसर परत घालून त्या किल्ल्या अजून मिळवता येतात, वाय दाबल्यावर नाही. त्या वहीचं महत्त्व इथं कळतं.

विंडोज परत टाकायची गरज पडली नाही, सरळ चालू झाली. भाच्यानं लगोलग व्हॅलोरंट उघडलं आणि व्हॅन ९००३ असा एरर. परत माझ्याकडं बघायला लागला. बायोस अपडेट झालं की सगळ्या सेटिंग कारखान्यातल्यासारख्या होतात, सिक्युअर बूट (सुरुवातीला फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सेटिंग) बंद झालेलं, आणि विंडोज ११ वर तो गेम त्याशिवाय चालत नाही. बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीनं चालू व्हायची सोय) बंद, सिक्युअर बूट चालू, झालं. (तुमचं विंडोज फार जुन्या पद्धतीनं टाकलेलं असेल तर उलट, सीएसएम बंद केल्यावर ड्राइव्ह सापडत नाही म्हणेल, तेव्हा घाबरू नका, परत चालू करा.) व्हर्च्युअल मशीन वापरणाऱ्यांना लागणारं एसव्हीएम बंद झालेलं असतं, पंख्यांचा वेग ठरवून ठेवला असेल तर तोही गेला.

आणि एक्सएमपी! हे सगळ्यात जास्त राहतं, कारण राहिलं तरी काही बिघडत नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर जाऊन पाहिलं तर भाच्याची ३२०० ची रॅम २४०० ला चालत होती. नवा प्रोसेसर घेऊन रॅम बैलगाडीच्या चालीनं. लोक मग म्हणतात ५६०० मध्ये काही दम नाही.

तापमान एकदा बघून घ्या. ५६०० ला ९० अंशाची मर्यादा आहे, डब्यात येतो त्या छोट्या कूलरवर गेम खेळताना सत्तर-पंच्याहत्तर दिसलं तर चिंता नाही, पण नुसतं डेस्कटॉपवर बसलेलं असताना ऐंशी दिसत असेल तर कूलर नीट टेकलेला नाही किंवा त्याच्या तळाचं प्लास्टिक काढायचं राहिलंय.

कुणी म्हणेल प्रोसेसर बदलायचाच नाही तर बायोसला हात कशाला लावू, चालतंय ते चालू दे. बहुतेक वेळा मीही हेच म्हणतो. पण २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजनं आतून खराब होतायत हे उघड झालं, त्यावरचा उपाय मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) रूपात बायोसमधूनच आला, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि त्यानंतर ०एक्स१२बी. २०२३ मध्ये एएम५ वर काही ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाले, तिथंही एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरच्या कोअर सोडून बाकी भागाचं व्होल्टेज) १.३ व्होल्टची मर्यादा घालणारा बायोसच आला. तुमच्याकडे यातलं काही असेल आणि बायोस त्याआधीचा असेल तर हा लेख अर्धवट सोडून आधी तो टाका.

भाचा संध्याकाळी कॅबिनेट घेऊन गेला, जाताना त्या दुकानदाराचा फोन आला, नवीन बोर्डाचं काय ठरलं विचारत होता. जुना २६०० भाच्याला त्याच रात्री ऑनलाइन विकायचा होता, मी ठेवून घेतलाय, ५६०० ज्या प्लास्टिकच्या डबीतनं आला त्याच डबीत. दोन आठवडे नवा नीट चालू दे, मग विक म्हटलं.